सोळा रिकाम्या मात्रा

घुम्या हे त्याचं खरं नाव नव्हे. पण पाचवीत पडलं आणि चिकटलं ते चिकटलंच. हजेरी घेताना बाकीची मुलं 'हजर' म्हणून ओरडायची, हा नुसती मान हलवायचा. बाईंनी दोन महिने गैरहजेरी लावली आणि मग पालकांना बोलावलं. वडील आले. बाईंनी विचारलं, "हा घरी तरी बोलतो का?" वडिलांनी मान हलवली. बाईंनी कपाळाला हात लावला. त्या दिवसापासून घुम्याची हजेरी मानेवर लागू लागली.

वडील छापखान्यात यंत्रावर होते. दिवसभर त्या खडखडाटात बोलून उपयोग नसे, म्हणून तिथली माणसं मानेने आणि हातांनी बोलत आणि तीच सवय घरी घेऊन येत. घरात वडील आणि दोन मुलगे, या तिघांच्या वाटचं आई एकटी बोलायची. "भिंतीशी बोलले असते तर निदान घुमून परत तरी आलं असतं," असं ती शेजारणीला सांगे.

मोठ्या भावाकडे गिटार होती आणि तिला हात लावायची कोणाची छाती नव्हती. जुन्या बाजारातून तिच्याबरोबर आलेली एक बेस गिटार मात्र कपाटावर पडून होती. चार जाड तारा, ओंडक्यासारखं वजन. तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नसे. एका दुपारी भाऊ बाहेर गेलेला पाहून घुम्याने ती खाली काढली, भावाच्या स्पीकरला जोडली आणि सगळ्यांत जाड तार छेडली. स्वयंपाकघरातल्या फळीवरचे पेले थरथरले. आई आतून म्हणाली, "बोलला गं बाई एकदाचा!"

कॉलेजात त्याला तोंडाळ भेटला. तोंडाळ हा नावाप्रमाणेच होता. दाढी करताना, जेवताना, परीक्षेच्या हॉलमध्ये पेपर हातात पडेपर्यंत त्याचं तोंड चालू असे. चालता चालता पाट्या वाचायचा आणि त्यांना यमक जुळवायचा. त्याला ऐकणारा माणूस हवा होता आणि घुम्याइतका ऐकणारा माणूस त्या कॉलेजात दुसरा नव्हता. दोघांचं असं जमलं की बघणाऱ्याला वाटावं, एकाच माणसाचे दोन भाग चुकून वेगवेगळ्या घरात जन्मले आहेत.

त्यांनी ग्रुप काढला. तोंडाळ रॅप करायचा, घुम्या बेस वाजवायचा, ड्रमवर एक होता त्याला सगळे ठोक्या म्हणत. चौथा साउंडवाला. तो आवाज सांभाळायचा आणि व्हॅनही चालवायचा. घुम्या स्वतः रॅपर झाला तो अपघाताने. एका कार्यक्रमात ओळ अर्ध्यावर असताना तोंडाळला ठसका लागला. लोक थांबले. तेवढ्यात मागून एक जाड, खोल आवाज आला आणि त्याने उरलेली ओळ पुरी केली. लोक आधी दचकले, मग हसले, मग त्यांनी सभागृह डोक्यावर घेतलं. त्या दिवसापासून तोंडाळने ओळ उचलायची आणि घुम्याने ती ठेवायची, असं ठरून गेलं.

चौदा वर्षं ते फिरले. मोठं नाव कधी झालं नाही. लहान नाव मात्र बऱ्याच गावांत झालं. व्हॅनच्या मागच्या भागात स्पीकर, त्यांच्यावर गाद्या, गाद्यांवर माणसं. कोणत्या सभागृहाचा मागचा दरवाजा अडकतो, कोणत्या लॉजवर गरम पाणी फक्त सहा ते सात येतं, कुठला व्यवस्थापक गोड बोलून शेवटच्या गाण्याला दिवे घालवतो, हे सगळं साउंडवाल्याच्या वहीत गाववार लिहिलेलं असे.

त्यांच्या कार्यक्रमात एक जागा होती. शेवटच्या गाण्याआधी सगळं थांबायचं आणि सोळा मात्रा फक्त बेस वाजायचा. लोकांना वाटे, ही दम खायची जागा. खरं म्हणजे ती तोंडाळची जागा होती. माईक बाजूला धरून तो घुम्याच्या डाव्या अंगाला यायचा, त्याच्या खांद्याशी, स्पीकरच्या अगदी जवळ वाकायचा आणि फक्त त्याला ऐकू जाईल असं काहीतरी बोलायचा. बहुतेक वेळा पहिल्या रांगेतल्या माणसांविषयी. "तिसऱ्या खुर्चीतला काका बघ, जावयाला बघायला आल्यासारखा बसलाय." घुम्या मान हलवायचा, कधी हसायचा, आणि सतराव्या मात्रेला शेवटचं गाणं सुरू व्हायचं. चौदा वर्षांत एकदाही तोंडाळने जुनी गोष्ट पुन्हा सांगितली नाही.

घुम्याचे कान मात्र अकराव्या वर्षापासून जायला लागले. वर्षानुवर्षं रोज स्पीकरला टेकून उभं राहायचं म्हणजे दुसरं काय होणार? आधी पक्षी गेले. मग दाराची घंटा, मग बायकांचे आणि मुलांचे आवाज. बेसचा खोल आवाज शाबूत होता, म्हणून वाजवण्यात चूक होत नव्हती आणि कोणाच्या लक्षात येत नव्हतं. लक्षात आलं ते एका सभागृहाच्या तिकीट खिडकीवर बसणाऱ्या मुलीच्या. जाड काचेमागून ती काय बोलते ते इतर कोणाला धड कळत नसे. घुम्याला बरोबर कळे, कारण तो तिच्या ओठांकडे बघत असे. पुढे दोघांचं लग्न ठरलं तेव्हा तिने पहिला प्रश्न तोच विचारला.

"तुला ऐकू येत नाही, हो ना?"

घुम्याने मान हलवली.

"ग्रुपमध्ये सांगितलंस?"

त्याने सांगितलं नव्हतं. बहिऱ्या बेसवाल्याला कोण बरोबर नेणार? आणि मुख्य म्हणजे तोंडाळला काय सांगायचं? की गेली तीन वर्षं तू माझ्या खांद्याशी येऊन जे बोलतोस त्यातलं मला अक्षरही ऐकू येत नाही, मी अंदाजाने हसतो, अंदाजाने मान हलवतो? रंगमंचावर प्रत्येक वाजवणारा कधी ना कधी न ऐकताच मान हलवतो. घुम्याने तीन वर्षं तेच केलं, आणि ते खपून गेलं.

शेवटचा कार्यक्रम एका तळ्याच्या गावी होता, संध्याकाळचा. सोळा मात्रा आल्या. तोंडाळ डावीकडे आला, वाकला आणि बोलला. या खेपेला तो हसत नव्हता. बोलून झाल्यावर तो सरळ झाला नाही. तसाच वाट बघत राहिला. मात्रा संपत आल्या होत्या. घुम्याने मान हलवली. तोंडाळने त्याचा दंड एकदा घट्ट दाबला आणि तो माईकशी गेला. त्या संध्याकाळी तो जितका चांगला गायला तितका आधी कधीच गायला नव्हता, यावर पुढे ठोक्याचं आणि साउंडवाल्याचं एकमत झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजच्या मागे, तळ्याच्या पायरीवर तोंडाळचे बूट सापडले. मोजे घडी करून बुटांत ठेवलेले. तोंडाळने आयुष्यात कधी मोज्यांची घडी केली नव्हती. तिसऱ्या दिवशी तो सापडला. पोलिसांनी पाय घसरला असावा असं लिहिलं. घरच्यांनी ते मानलं, कारण न मानून करायचं काय? घुम्याचं मात्र एकाच ठिकाणी अडलं. आदल्या संध्याकाळी तो काय म्हणाला? आपण कशाला हो म्हणालो?

ग्रुप मोडला. घुम्या एका कागदाच्या गोदामात लागला आणि सात वर्षं रिळं उचलून ठेवण्याचं यंत्र चालवत राहिला. लग्न झालं, मुलगी झाली. बेस कपाटावर गेला. बायको कधी म्हणे, "वाजव की जरा." तो मान हलवी आणि वाजवत नसे.

बेसला कपाटावरून खाली ओढलं ते बायकोच्या मोठ्या बहिणीने. ताईंची बालवाडी होती, एका जुन्या दवाखान्याच्या तळमजल्यावर दोन खोल्या आणि पुढे लोखंडी फाटकाचं अंगण. गाण्याची शिक्षिका अर्ध्या वर्षात सोडून गेली आणि ताईंनी फोन केला. घुम्याला फोन कळत नसे, म्हणून बायकोने ऐकून सांगितलं, "ताई म्हणतेय, जावईबापूंना सांग, तो चार तारांचा ओंडका घेऊन सोमवारी हजर व्हा. निदान भिंती तरी हलतील."

सोमवारी तो गेला. तीस मुलं, तीन ते सहा वर्षांची. घुम्याने स्पीकर जमिनीवर ठेवला, जाड तार छेडली. एक मुलगी सरळ पोटावर पालथी झोपली आणि ओरडली, "पोटात मांजर बसलंय!" मग तीसच्या तीस मुलं फरशीवर पालथी पडली. घुम्या अर्धा तास वाजवत होता. परत आला तेव्हा बायकोने त्याच्या तोंडाकडे एकदा बघितलं. नुसती दारं पुसत राहिली.

गोदामाची नोकरी वर्षभरात सुटली. मुलांच्या गाण्यांना शब्द लागतात, ते आपल्याकडे आहेत हे त्याचं त्यालाच नवल वाटलं. दात घासण्यावर, हरवलेल्या मोज्यावर, न आवडणाऱ्या भाजीवर तो रॅप करी. सगळ्यांत गाजलं ते बटणाचं गाणं. घरी जाताना स्वेटरची बटणं लावायला मुलं तास घालवायची, म्हणून ताईंनी ते सांगून करवून घेतलं होतं.

*बटण म्हणे काजाला, मला घे ना घरात,*
*काज म्हणे बटणाला, सरळ ये रे दारात.*
*खालचं गेलं वरच्या घरी, वरचं बसलं रुसून,*
*पोट दिसतं, पोट दिसतं, आजी हसे बसून!*

मुलं त्याला घुममामा म्हणायची. चार वर्षांत सात बालवाड्या, दोन वाचनालयं आणि लहान मुलांच्या रुग्णालयातला एक वॉर्ड एवढा त्याचा कारभार झाला. मुलांचे आवाज त्याला ऐकू येत नसत, पण तोंडं दिसत, आणि तेवढ्यावर तो खूश होता.

चूक झाली ती बटणाच्या गाण्यातच. मुलांना बटणं लावून दाखवायची तर दोन्ही हात मोकळे हवेत. मग बेस कोण वाजवणार? म्हणून त्याने पायाने दाबायचं एक छोटं यंत्र घेतलं. त्यात बेसचा तुकडा एकदा भरून ठेवला की तो फिरून फिरून वाजत राहतो. नवीन रेकॉर्ड करण्यापेक्षा जुन्यातलं घ्यावं असं त्याने ठरवलं. साउंडवाल्याने ग्रुप मोडताना सगळ्या कार्यक्रमांची रेकॉर्डिंग एका खोक्यात घालून दिली होती, प्रत्येक वाद्याची वेगळी. त्यांच्यावर गावांची नावं नव्हती, नुसते आकडे होते. घुम्याने ती संगणकावर उघडली आणि कानापेक्षा डोळ्यांनीच बघितली. बाकी काहीच वाजत नाही, फक्त बेस आहे, अशी स्वच्छ जागा हवी होती. अशी जागा प्रत्येक कार्यक्रमात एकच होती. एका रेकॉर्डिंगमधली ती सोळा मात्रांची जागा सगळ्यांत सारखी, सगळ्यांत ठाम दिसली. तीच त्याने कापली. स्पीकरला कान लावून दोनदा ऐकली. बेस वाजत होता. उत्तम.

दोन वर्षं तो तुकडा बटणाच्या गाण्याखाली वाजत राहिला.

त्या गाण्याच्या शेवटी मुलं डावीकडे बघायची. घुम्याला वाटे, तिकडे काही असेल. खिडकी, फळा, मांजर. पण रुग्णालयाच्या वॉर्डात डावीकडे कोरी भिंत होती, आणि पलंगावरची मुलंही तिकडेच बघत. भिंतीच्या तळाकडे नव्हे, माणसाचं डोकं असतं तितक्या उंचीवर. तिथली परिचारिका एकदा म्हणाली, "तुमच्याबरोबर कोणी येतं का हो? मुलं नंतर विचारतात, ते दुसरे मामा कुठे गेले." घुम्याने ओठ वाचले आणि आपण चुकीचे वाचले असं समजून मान हलवली.

मग एक दिवस शाळा सुटल्यावर ताईंनी त्याला थांबवलं. ताई त्याच्याशी बोलताना समोर उभ्या राहून, सावकाश बोलत.

"जावईबापू, त्या गाण्यात शेवटी तुम्ही मुलांना काय शिकवलंय?"

"आजी हसे बसून."

"त्याच्यानंतर."

"त्याच्यानंतर काही नाही. नुसता बेस आहे."

ताईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. "मुलं म्हणतात, 'हाक मारली की येशील ना?' सगळी मिळून म्हणतात, हळू आवाजात. आणि मग मान हलवतात. मला आधी गंमत वाटली. पण आता गाणं नसतानाही म्हणतात. दुपारी झोपेतसुद्धा म्हणतात."

घुम्याने विचारलं, "मान का हलवतात?"

"का म्हणजे? तुम्ही हलवता म्हणून."

"मी?"

"प्रत्येक वेळी. त्याच जागी. दोन वर्षं बघतेय मी." ताईंनी स्वतः हलवून दाखवली, एकदाच, खाली, घाईघाईने, मात्रा संपत आल्यावर हलवावी तशी.

घरी आल्यावर त्याने यंत्र बायकोच्या पुढ्यात ठेवलं आणि तिला कानाला हेडफोन लावायला सांगितलं. तिने तीनदा ऐकलं. "बेस आहे. आणि खाली कोणीतरी बोलतंय," ती म्हणाली. "पुरुष आहे. शब्द लागत नाहीत मला. कोण आहे हा?"

घुम्याने आकडा शोधून बघितला. खोक्यातला शेवटचा आकडा होता तो, म्हणजे तळ्याच्या गावचा कार्यक्रम. बेसच्या स्पीकरसमोर माईक असे आणि तोंडाळ त्या स्पीकरशीच वाकून बोलत असे. घुम्याला कधीच ऐकू न आलेलं बोलणं त्या माईकने ऐकलं होतं. मुलांचे कान नवे. त्यांना ते स्पष्ट ऐकू आलं. असा हिशेब लागला आणि त्याला क्षणभर बरंही वाटलं. त्याने तो तुकडा यंत्रातून पुसून टाकला. पण दोन वर्षांत आपण किती वेळा मान हलवली, याचा आकडा मनात तयार होऊ लागला तेव्हा मात्र तो उठून अंगणात गेला.

त्याची स्वतःची मुलगी सहा वर्षांची होती. आधी ताईंकडे होती, आता पहिलीत. बटणाचं गाणं तिचं पाठ. तुकडा पुसून आठवडा झाला होता. सकाळी ती स्वेटर घालून दारात उभी राहिली आणि वरचं बटण लावता लावता थांबली. मान डावीकडे वळली. मग ती एकदा, खाली, हलली.

घुम्या तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. "काय झालं गं?"

"बाबा, हाक मारतायत. तुला ऐकू येत नाही का?"

"कोण?"

"गाण्यातले काका." ती कंटाळल्यासारखी म्हणाली. "रोज मारतात. आधी तुझ्या नावाने मारतात. तू येत नाहीस, म्हणून मग मला."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी हो म्हटलं. तू पण म्हणतोस ना."

त्या दिवशी तिला शाळेत न पाठवता घरीच ठेवलं. बायको सावलीसारखी मागे होती. तरी दुपारी ती दळण ठेवायला आत वळली तेवढ्यात दार उघडं दिसलं. मुलगी कोपऱ्यावरच्या बस थांब्यावर सापडली. स्वेटर गळ्यापर्यंत लावलेला, सगळी बटणं बरोबर घरात, आणि हातात बूट. मोजे घडी करून बुटांत घातलेले. अनवाणी उभी होती.

"कुठे निघालीस?" बायकोने तिला जवळ ओढलं.

"तळ्यावर," मुलगी म्हणाली.

त्यांच्या गावात तळं नव्हतं. मुलीने तळं कधी बघितलेलं नव्हतं, आणि त्या मोज्यांविषयी घुम्या बायकोशीही कधी बोलला नव्हता.

संध्याकाळच्या आत तो साउंडवाल्याकडे गेला. साउंडवाला आता म्हातारा दिसत होता. जुने रेडिओ, स्पीकर दुरुस्त करायचं छोटं दुकान होतं त्याचं. घुम्याने रेकॉर्डिंग पुढ्यात ठेवलं आणि सगळं सांगितलं, कानांचंही. सांगायला उशीर किती झाला होता ते त्याला सांगतानाच कळत होतं.

"बहिरा होतास?" साउंडवाला म्हणाला. "तीन वर्षं? अरे गाढवा, आणि मी तुझ्या बाजूचा आवाज वाढवून देत होतो!"

मग त्याने बेस खाली नेला, बोलणं वर काढलं, डोळे मिटून ऐकलं. एकदा थांबून पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. शेवटी पावतीपुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर त्याने लिहून दिलं.

*'सकाळी तळ्यावर जायचंय मला. एकट्याला बरं वाटत नाही रे. हाक मारली की येशील ना?'*

घुम्या ते पान धरून बसला. साउंडवाल्याने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, म्हणजे वर बघ.

"आणखी एक आहे," तो म्हणाला. "सकाळी त्याने तुला हाक मारली होती. माझी खोली बाजूलाच. 'घुम्या, ए घुम्या,' असं दार वाजवत होता. बराच वेळ. मला वाटलं, हे दोघं चालले फिरायला, म्हणून मी कूस बदलली. नंतर चौकशीत तू म्हणालास, झोपलो होतो. मला वाटलं, तू उठला नाहीस. मुद्दाम. मी अकरा वर्षं मूग गिळून बसलो, आणि अकरा वर्षं तुला फोन केला नाही तो त्याचसाठी."

दुकानात एक रेडिओ चालू असावा. त्याचा दिवा लागलेला होता. घुम्याला त्यातून काहीच ऐकू येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो निघाला तेव्हा बायको चपला घालून दारात तयार होती.

"मी जाऊन येतो," तो म्हणाला.

"एकटा? त्या पाण्याजवळ?" ती म्हणाली. "वेड लागलंय का तुला? पोर ताईकडे आहे. ताईने फाटकाला कुलूप घातलंय आणि स्वतः फाटकाशी खुर्ची टाकून बसलीय. चल."

तळ्याचं गाव बसने चार तासांवर होतं. जिथे कार्यक्रम झाला ते सभागृह आता पलंग आणि कपाटं विकायचं दुकान झालं होतं. लॉजच्या खिडक्यांना पत्रे ठोकलेले होते. मागची पायरी तशीच होती. स्वच्छ दुपार होती, ऊन होतं, वाऱ्याचं नाव नव्हतं. पाणी मात्र पायरीला हलकेच लागत होतं. लागायचं, थांबायचं, पुन्हा लागायचं. घुम्याने नकळत मोजलं आणि मोजायचं थांबवलं. बायको दोन पायऱ्या वर उभी राहिली. त्याने तिला हातानेच तिथे राहायला सांगितलं.

तो खालच्या पायरीवर गेला.

"मी ऐकलंच नव्हतं रे," तो म्हणाला. "शेवटची तीन वर्षं मला काहीच ऐकू यायचं नाही. तुझे विनोदसुद्धा नाहीत. लाज वाटायची म्हणून मान हलवायचो. सकाळी दार वाजवलंस तेही ऐकलं नाही. ऐकलं असतं तर आलो असतो, आणि तुला धरून परत आणलं असतं. ते माझ्याकडून झालं नाही."

पाणी पायरीला लागलं. थांबलं.

"पण आता तू काय विचारतोस ते मला माहीत आहे. वाचलंय मी. आणि माहीत असून सांगतो, मी येणार नाही. माझ्या पोरीला हाक मारायची नाही. कुठल्याच पोरांना मारायची नाही. हो म्हणालो होतो तो मी, आणि ते मी परत घेतोय. ऐकलंस? नाही येणार."

इतकं सलग तो माईकशिवाय आयुष्यात कधी बोलला नव्हता. समोर पाणी, पलीकडे झाडं. हललं काहीच नाही. तेवढ्यात मागून बायकोने येऊन त्याची बाही पकडली. तिची बोटं बर्फासारखी होती. ती त्याला ओढत पायऱ्या चढली, दुकानावरून, रस्त्यावरून, थेट बस थांब्यापर्यंत, आणि एकदाही तिने मागे वळून बघितलं नाही.

बसमध्ये बसल्यावर तिने ताईला फोन लावला. घुम्या तिचे ओठ बघत होता, पण ती नुसतं 'हं, हं' करत होती. फोन ठेवून तिने डोळे पुसले.

"खेळतेय," ती म्हणाली. "दुपारी ताईने बघावं म्हणून मुद्दाम स्वेटर घालायला सांगितला. तर म्हणाली, कशाला, कुठे जायचंच नाहीये."

बस सुटली. गाव मागे पडलं. बराच वेळ ती पुढच्या बाकाच्या दांडीकडे बघत बसली. मग ती काहीतरी बोलली. पण गाडीने वळण घेतलं आणि तिचं तोंड खिडकीकडे होतं. घुम्याची मान हलायला निघाली होती. त्याने ती थांबवली.

"ऐकू आलं नाही," तो म्हणाला. "पुन्हा सांग."

ती त्याच्याकडे पुरती वळली. ओठ पांढरे पडले होते.

"तू बोलून झाल्यावर," ती म्हणाली, "पाण्याकडून कोणीतरी 'बरं' म्हणालं. रागाने नाही. सांगितलेलं काम उद्यावर गेलं की आपण म्हणतो ना, तसं."

मग तिने खिडकीची काच दोन्ही हातांनी खाली ओढून घट्ट बंद केली आणि त्याच्या डाव्या अंगाला, अगदी चिकटून बसली.